चाळीस हजार पौंड आणि दोन पक्ष

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. बायकोचा पक्ष म्हणतो, बँकेत पडलेले सगळे पैसे घराच्या कर्जात भरून टाका आणि डोकं हलकं करा. माझा पक्ष म्हणतो, पैसे हाताशी असू द्यावेत, कर्ज काय, फिटेल सावकाश. मुलगी तटस्थ आहे. "तुमचं काय ते ठरवा, मला फक्त घर बदलायचं नाहीये," एवढंच तिचं निवेदन.

वादाला निमित्त झालं ते आमच्या मॉर्गेजचं. तिकडच्या नातेवाईक मंडळींसाठी थोडा खुलासा. इंग्लंडमधे गृहकर्ज घेतलं की व्याजाचा दर साधारण दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधून मिळतो. ती मुदत संपली की बँक तुम्हाला आपल्या नेहमीच्या दरावर टाकते आणि तो दर बहुतेक वेळा चांगलाच चढा असतो. त्यामुळे दर दोन-पाच वर्षांनी इथला घरमालक नवा दर शोधायला बाहेर पडतो. आमची पाच वर्षं आता संपत आलीत. २०२१ साली दर बांधून घेतला तेव्हा तो दोन टक्क्यांच्याही आत होता. तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचा स्वतःचा दर ०.१ टक्का होता. ऑगस्ट २०२३ पर्यंत तो ५.२५ वर गेला. नंतर उतरला खरा, पण ते जुने दिवस काही परत आले नाहीत. थोडक्यात, हप्ता वाढणार हे नक्की. किती वाढू द्यायचा एवढंच आपल्या हातात.

आता आकडे सांगतो. सोयीसाठी सगळे गोल केलेत. कर्ज उरलंय २ लाख पौंड, वीस वर्षांचं. घराची किंमत ३ लाख २० हजार. आणि पंधरा वर्षं दोघांनी नोकऱ्या करून, सुट्ट्यांना स्पेनऐवजी सातारा-कोल्हापूर करून साठवलेले ४० हजार. हे ४० हजार कुठे ठेवायचे हा प्रश्न.

आमचा वाद ऐकून मॉर्गेज ब्रोकरबाई म्हणाल्या, "मग तुम्ही ऑफसेट का घेत नाही? दोघांच्याही मनासारखं होईल." झालं, तेव्हापासून गेले तीन आठवडे घरात ऑफसेट हा एकच विषय आहे.

ऑफसेट म्हणजे काय? तर कर्ज आणि बचत एकाच बँकेत शेजारी शेजारी ठेवायची. बचतीवर व्याज मिळत नाही. त्याऐवजी कर्जातून बचत वजा करून उरलेल्या रकमेवर बँक व्याज लावते. कर्ज २ लाख, बचत ४० हजार, तर व्याज फक्त १ लाख ६० हजारांवर. आणि हे ४० हजार तुमचेच. उद्या गरज पडली तर काढा, कुणाला विचारायला नको. काढलेत की व्याज परत पूर्ण रकमेवर सुरू.

मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातली. इंग्लंडमधे ती लोकांना कळली ती १९९७ साली निघालेल्या व्हर्जिन वन खात्यामुळे. त्यात पगार, बचत आणि कर्ज सगळं एकाच खात्यात असायचं आणि शिल्लक कायम उणे दिसायची. दर महिन्याला 'उणे एक लाख बहात्तर हजार' वगैरे वाचून कित्येकांना धडकी भरत असणार! आताच्या ऑफसेटमधे खाती वेगवेगळी राहतात, फक्त व्याजाचा हिशोब एकत्र होतो. मात्र इथे असं कर्ज देणाऱ्या बँका आणि बिल्डिंग सोसायट्या मोजक्याच आहेत.

ऐकायला किती छान वाटतं ना? बायकोला कर्ज कमी झाल्याचं समाधान, मला पैसे हाताशी असल्याचं. इथेच मला शंका यायला लागली. दोन्ही पक्षांना खूश करणारी योजना कुणीतरी फुकट देईल असं वाटत नाही.

आणि तशी ती फुकट नाहीच. आम्हाला साधं मॉर्गेज ४.५ टक्क्यांनी मिळत होतं आणि ऑफसेट ४.९ टक्क्यांनी. ०.४ चा फरक. वाचताना काहीच वाटत नाही. पण तो फरक बचतीवर नाही, अख्ख्या कर्जावर आहे. २ लाखांवर ०.४ टक्के म्हणजे वर्षाला ८०० पौंड. ही झाली प्रवेश फी. ऑफसेट खात्यात एक पैसा न ठेवतासुद्धा ही द्यावी लागणार.

आता तुलना. पहिल्या वर्षापुरतं बघू आणि मुद्दल दरमहा थोडं थोडं कमी होतं ते बाजूला ठेवू.

साधं मॉर्गेज घेतलं तर २ लाखांवर ४.५ टक्के म्हणजे ९,००० पौंड व्याज. ४० हजार बचत खात्यात ४ टक्क्यांनी ठेवले तर १,६०० पौंड मिळतील. पण त्यावर टॅक्स आहे. एप्रिल २०१६ पासून इथे बचतीच्या व्याजाला ठराविक सूट मिळते. २० टक्केवाल्यांना वर्षाला १,००० पौंड, ४० टक्केवाल्यांना ५०० आणि सगळ्यात वरच्या ४५ टक्केवाल्यांना शून्य. मी ४० टक्केवाला. म्हणजे ५०० माफ आणि उरलेल्या १,१०० वर ४४० पौंड टॅक्स. हातात आले १,१६०. नऊ हजारातून ते वजा केले की निव्वळ खर्च ७,८४०.

ऑफसेट घेतलं तर १ लाख ६० हजारांवर ४.९ टक्के. करा गुणाकार.

७,८४०.

मी तीनदा करून बघितला. पौंडाचाही फरक नाही. तीन आठवडे घरात जो गदारोळ चालला होता त्याचं उत्तर बरोब्बर बरोबरी :)

पण मग लक्षात आलं की हा हिशोब एक गोष्ट गृहीत धरून केलाय. सगळी बचत माझ्या नावावर आहे असं मी धरलं होतं. बायको शाळेत अर्धवेळ नोकरी करते, ती २० टक्क्यांत येते. हीच रक्कम सगळी तिच्या नावावर ठेवली तर १,००० माफ, ६०० वर १२० पौंड टॅक्स, हातात १,४८०. म्हणजे साधं मॉर्गेज ३२० पौंडांनी स्वस्त. आणि दोघांनी आयसामधे ठेवले तर? (आयसा म्हणजे इथलं करमुक्त बचत खातं. आमची यंदाची मर्यादा माणशी २० हजार, म्हणजे दोघांचे मिळून बरोबर ४० हजार.) तिथेही ४ टक्के मिळतात असं धरलं तर टॅक्स शून्य, पूर्ण १,६०० हातात, निव्वळ खर्च ७,४००. ऑफसेटपेक्षा ४४० पौंडांनी कमी.

ही सगळी गंमत टॅक्सची आहे, हे मला इथे नीट कळलं. ऑफसेटमधे व्याज मिळतच नाही, फक्त वाचतं. वाचलेल्या व्याजाला उत्पन्न म्हणत नाहीत, म्हणून त्यावर टॅक्स नाही. तेव्हा ज्याच्या बचतीच्या व्याजावर टॅक्स लागतो त्याला ऑफसेटचा फायदा, आणि ज्याच्या व्याजावर तो लागतच नाही त्याने ८०० पौंड फी कशासाठी भरायची?

मधल्या वर्षांत हा टॅक्स कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बचतीवर १ टक्का व्याज मिळत होतं तेव्हा ५०० पौंडांची सूट संपायला ५० हजार शिल्लक लागायची. आता ४ टक्के झाले की साडेबारा हजारातच सूट संपते. सूट २०१६ पासून आहे तेवढीच आहे, व्याज मात्र वाढलं. पुढे आणखी बदलणार आहे. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमधे जाहीर झालं की एप्रिल २०२७ पासून बचतीच्या व्याजावरचा टॅक्स प्रत्येक पायरीला दोन टक्क्यांनी वाढणार, आणि रोख रकमेच्या आयसाची वार्षिक मर्यादा ६५ वर्षांखालच्यांना २० हजारावरून १२ हजार होणार. म्हणजे ऑफसेटचं पारडं थोडं जड होत जाणार. तेव्हा आज मी जे लिहितोय ते दगडावरची रेघ समजू नका.

ज्यांना आपापला हिशोब करायचाय त्यांच्यासाठी सोपी रीत देतो. कर्जाची रक्कम गुणिले दरातला फरक, ही झाली वर्षाची फी. तिला भागा 'ऑफसेटचा दर वजा टॅक्स कापून हातात येणारा बचतीचा दर' याने. जो आकडा येईल त्यापेक्षा जास्त बचत वर्षभर खात्यात राहणार असेल तर ऑफसेट परवडतं. आयसात पैसे ठेवता येत असतील तर ८०० भागिले ०.९ टक्के, म्हणजे जवळजवळ ८९ हजार पौंड लागतील. सूट आणि आयसा दोन्ही संपलेल्या ४० टक्केवाल्याला ८०० भागिले २.५ टक्के, म्हणजे ३२ हजार पुरतील. एकच कर्ज, एकच दर, पण कुणासाठी ८९ आणि कुणासाठी ३२!

माझा एक मित्र रेडिंगला असतो. डॉक्टर आहे, स्वतःचा व्यवसाय करतो आणि ४५ टक्क्यांत येतो. त्याला व्याजावर सूटच नाही आणि आयसा दर वर्षी भरलेला असतो. शिवाय ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला भरायचा टॅक्स तो महिना-महिना बाजूला काढून ठेवतो, त्यामुळे त्याच्या खात्यात कायम मोठी रक्कम असते. सरासरी ९० हजार आणि कर्ज आमच्याइतकंच धरलं तर ऑफसेटमुळे त्याचं ४,४१० पौंड व्याज वाचतं. फी गेली ८००, उरले ३,६१०. तेच पैसे बचत खात्यात ४ टक्क्यांनी ठेवले असते तर टॅक्स जाऊन १,९८० हातात आले असते. वर्षाला १,६३० पौंडांचा फायदा! सरकारला द्यायचे पैसे, ते सुद्धा सहा महिने स्वतःचं कर्ज हलकं करत बसलेत. त्याने ऑफसेट घेतलं नाही तरच नवल.

ही चर्चा चालू असताना मेलबर्नच्या मावसबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला फोन केला. ताई म्हणाली, "ऑफसेट नसलेलं कर्ज घेतात तरी कशाला रे? आमच्याकडे सगळ्यांचं असतं." तिचंही खरं आहे. ऑस्ट्रेलियात बचतीच्या व्याजाला इथल्यासारखी वेगळी सूट नाही, ते सरळ पगारात मिळवून त्यावर टॅक्स लावतात. बरेच लोक बदलत्या दराचं कर्ज घेतात आणि त्याला ऑफसेट खातं सहज जोडून मिळतं. पगार तिकडेच जमा होतो, खर्च क्रेडिट कार्डावर आणि बिल महिनाअखेर. तिथला सल्ला तिथे शंभर टक्के बरोबर. पण तो तसाच उचलून स्विंडनला लावता येत नाही.

पुण्याच्या चुलतभावाचं वेगळंच. तो म्हणाला, "अरे, हे तर आपलं स्टेट बँकेचं मॅक्सगेन!" बरोबर. गृहकर्ज ओव्हरड्राफ्टच्या रूपात द्यायचं, जास्तीचे पैसे त्यात ठेवले की व्याज उरलेल्या रकमेवर, आणि हवे तेव्हा काढता येतात. तिकडे साध्या बचत खात्याचं व्याज आणि गृहकर्जाचं व्याज यात मोठी दरी असते आणि एफडीच्या व्याजावर स्लॅबप्रमाणे टॅक्स, त्यामुळे अशा खात्याचा उपयोग जास्त. मात्र तिकडे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही, बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद करायला लावला. इथे बांधलेल्या दराच्या मुदतीत साधारणपणे वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच जास्तीचे भरू देतात, त्यावर दंड. जुनी मुदत संपून नवी सुरू होते त्या सांध्यावर मात्र कितीही भरा, कुणी विचारत नाही. आम्ही आता नेमके त्याच सांध्यावर उभे आहोत.

(एका काकांचा सल्ला: "सगळं इकडे एनआरई एफडीत टाक, व्याज किती जास्त आहे बघ!" काका, तिकडे ते व्याज करमुक्त आहे हे खरं, पण मी इथला रहिवासी, त्यामुळे इथे त्यावर टॅक्स भरावाच लागतो. आणि कर्ज पौंडात, ठेव रुपयात. मधल्या काळात रुपया घसरला तर व्याज गेलं कुठल्या कुठे. तुमचा सल्ला प्रेमाचा आहे हे माहीत आहे. रागावू नका.)

आता तिसरा पर्याय, बायकोचा. सगळे ४० हजार सरळ कर्जात भरायचे. कर्ज १ लाख ६० हजार, साध्या ४.५ टक्क्यांनी व्याज ७,२००. हा सगळ्यात स्वस्त. आयसापेक्षा २०० पौंडांनी, ऑफसेटपेक्षा ६४० पौंडांनी. आकड्यात सत्ताधारी पक्षाने बाजी मारली.

मग मी अजून का अडून बसलोय?

२००९ साली मंदीत माझी नोकरी गेली होती. पाच महिने घरी होतो. तेव्हा आम्ही भाड्याने राहायचो आणि बँकेत जे थोडे पैसे होते त्यावर भाडं भरलं. तेवढे पैसे नसते तर सामान बांधून परतच जावं लागलं असतं. त्या पाच महिन्यांत मला एक गोष्ट कळली. ज्या दिवशी पैशाची सगळ्यात जास्त गरज असते त्या दिवशी बँक सगळ्यात कमी ओळख दाखवते. घरात घातलेले पैसे परत हवे असतील तर नवं कर्ज काढावं लागतं आणि नव्या कर्जाला पगाराची स्लिप लागते. नोकरी गेलेला माणूस स्लिप आणणार कुठून? विटांत पैसे घालणं सोपं असतं. विटांतून ते काढायला वेळ लागतो.

आणि गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. कोल्हापूरहून आईचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे चार वाजले होते. मी त्याच दिवशी तिकीट काढलं, हॉस्पिटलची आगाऊ रक्कम भरली. "कशाला एवढ्या घाईने आलास?" बाबा म्हणाले. पण मला बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. त्या आठवड्यात पैसे हाताशी होते याचं व्याज कुठल्या टक्क्यात मांडू?

हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने तिचं सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण एवढं सविस्तर कधी बोलली नव्हती. इचलकरंजीला त्यांचे चार यंत्रमाग होते. त्यावर तिच्या वडिलांनी एका पतपेढीचं कर्ज काढलं होतं. माग बंद पडले, कर्ज चालूच राहिलं. वसुलीचा माणूस यायचा आणि ओसरीवर बसायचा. ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, नुसता बसायचा. आई त्याला चहा करून द्यायची. "तो उठेपर्यंत आम्ही दप्तर आणायला बाहेरच्या खोलीत जायचो नाही," ती म्हणाली. "मला तुझे टक्के कळतात रे. पण कागदावर दोन लाख लिहिलेलं दिसलं की मला ओसरीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं."

यावर मी काय बोलणार?

तेव्हा लक्षात आलं की आम्ही ज्याला पैशाचा वाद म्हणत होतो तो दोन भीतींचा वाद होता. तिला कर्जाची भीती, मला रिकाम्या हाताची. आणि ऑफसेट दोन्हींवर औषध म्हणून समोर आलं होतं. खरं तर चांगलं औषध आहे. पण त्याने माझी भीती जाते, तिची नाही. कारण ऑफसेटमधे कागदावरचं कर्ज दोन लाखच राहतं. व्याज कमी लागतं, पण ओसरीवरचा माणूस उठून जात नाही.

कागदावरच्या त्या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. इथे घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज आहे त्यावरून दराच्या पायऱ्या ठरतात. ९०, ८५, ८०, ७५, ६० अशा. आमचं दोन लाख म्हणजे साडेबासष्ट टक्के. जरासं खाली आलं की साठच्या पायरीत बसतं आणि तिथे दर सहसा थोडे उतरतात. ऑफसेट खात्यातली बचत या मोजमापात धरत नाहीत. कर्जात भरलेली धरतात.

मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो, पण प्रश्न बदलून. 'चाळीस हजारांचं काय करायचं' याऐवजी 'यातले किती पैसे खरोखर हाताशी लागतात'. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता, त्यातून हिच्या पगारातून जे भागेल ते वजा. अचानक भारतात जायची दोन तिकिटं. आईबाबांसाठी एक रक्कम. बॉयलर बिघडला तर त्याचे. सगळं मिळून पंधरा हजार झाले. मी अठरा म्हणत होतो, ती बारा. सतरा वर्षांचा अनुभव कामी आला आणि पंधरावर समेट झाला.

म्हणजे उरले २५ हजार. त्यांना हाताशी राहायचं काही कारणच नव्हतं. ते माझ्या भीतीच्या हिश्श्यापेक्षा जास्त होते.

तर असं ठरलं. २५ हजार सांध्यावर कर्जात भरायचे. कर्ज उरतं १ लाख ७५ हजार, घराच्या किमतीच्या ५५ टक्क्यांच्याही खाली. त्याच ४.५ टक्क्यांनी धरलं तरी व्याज ७,८७५. पंधरा हजार दोघांच्या नावे आयसात, लगेच काढता येतील अशा खात्यात. त्याचे ४ टक्क्यांनी ६०० पौंड, टॅक्स नाही. निव्वळ खर्च ७,२७५. बायकोच्या मूळ प्रस्तावापेक्षा ७५ पौंड जास्त, ऑफसेटपेक्षा ५६५ पौंड कमी.

वर्षाला ७५ पौंड. माझ्या शांत झोपेची ही किंमत मला स्वस्त वाटली. ६४० मात्र महाग वाटली असती.

माझ्या मते ऑफसेट घ्यावं की नाही याचं उत्तर इथे आहे. ऑफसेटमधे आपण विकत घेतो ती एकच गोष्ट, दिलेले पैसे परत मागायचा हक्क. तो हक्क मोलाचा आहे, पण त्याची किंमत अख्ख्या कर्जावर मोजली जाते आणि तो लागतो मात्र थोड्याच रकमेसाठी. ज्याची मोठी रक्कम सतत आत-बाहेर करत असते, ज्याच्या व्याजावर जबर टॅक्स आहे, त्याने खुशाल घ्यावं. रेडिंगच्या डॉक्टरने घ्यावं. मेलबर्नच्या ताईने तर घ्यावंच. ज्याचे पैसे वर्षानुवर्षं नुसते पडून आहेत त्याने आधी विचारावं, हे पैसे मला खरंच परत लागणार आहेत का? लागणार नसतील तर हक्काची फी कशाला?

दोन लाखांचे पावणेदोन लाख झाले म्हणजे ओसरी पूर्ण रिकामी झाली असं नाही. पण ती म्हणते, माणूस आता दाराकडे तोंड करून बसलाय. दर वर्षी १० टक्क्यांच्या मर्यादेत जमेल तेवढं आणखी भरायचं, असंही ठरलंय. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "चांगलं केलंत. पण आमच्यासाठी वेगळं काढून ठेवायची काही गरज नाही हां." बाबा, तो आयटम वहीत पेनाने लिहिलाय, खोडता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी ऑफसेट घेतलं असेल तर अनुभव जरूर लिहा. खासकरून खात्यात सहज काढता येतील असे पैसे दिसत असताना नवीन गाडी घ्यायचा मोह कसा आवरता ते.

बाकी अर्ज गेलाय. आयसाचं खातं उघडलं तेव्हा ऍपमधे खात्याला आपल्या आवडीचं नाव द्यायची सोय होती. मी 'अडीअडचण' असं नाव दिलं होतं. काल बघितलं तर हिने ते बदलून ठेवलंय. आता तिथे लिहिलंय, 'हात लावू नये'.